सातव्या दालनातलं हसू

सातव्या दालनात खिडकीकडे हात करून तो थांबला होता, तेव्हा ते झालं. राजवाडा दाखवणाऱ्या गाइडांत थांबण्यात त्याचा हातखंडा होता. सहा वर्षांच्या युवराजाचा देह समोरच्या दरवाज्यातून बाहेर निघाला, सगळा राजवाडा खाली चौकात उतरला, एकच बाई उतरली नाही, ती इथे, या खिडकीत उभी होती, एवढं सांगून तो तीन श्वास गप्प राहत असे. पहिल्या श्वासाला लोकांची चुळबुळ थांबायची, दुसऱ्याला कुणीतरी खिडकीकडे बघायचं, आणि तिसऱ्याला आवाज अगदी खाली आणून तो ते वाक्य सोडायचा. त्या दिवशी समोर पाचवीची चाळीस मुलं होती आणि त्यांच्याबरोबर गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक बाई. दुसरा श्वास अर्धा झाला असेल नसेल, तेवढ्यात शिट्टीवाल्या बाईंनी टाळी वाजवली. "सांगा बरं, धड्यात काय आहे?" आणि चाळीस तोंडांनी पाढे म्हणावेत तसं हेल काढून म्हटलं, "आऽणि तीऽ हसलीऽ!" त्याचा हात हवेतच राहिला. काय झालं ते त्याला लगेच कळलं नाही. पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली सपाट जमीन लागावी, तसं काहीतरी झालं. मुलं खिदळत होती. तो हसला, "शाबास," म्हणाला, पुढच्या दालनात गेला, तलवारी दाखवल्या, राजाचा पलंग दाखवला, आणि सगळ्यांना बाहेरच्या पायऱ्यांवर सोडल्यावर शिट्टीवाल्या बाईंना म्हणाला, "बाई, तो धडा जरा बघू?"

पुस्तकाला खाकी कव्हर होतं. पान एकसष्ट. खिडकीत उभ्या असलेल्या बाईचं चित्र, तोंड उघडं, दात मोजून काढल्यासारखे. खाली ते वाक्य. नुसतं हसणं असतं तर एक वेळ त्याने सोडून दिलं असतं. पण 'आणि'सुद्धा होता. परिच्छेद तोडून, नव्या ओळीवर, एकटा. 'आणि ती हसली.' "छान सांगता हो तुम्ही," शिट्टीवाल्या बाई म्हणाल्या, "अगदी पुस्तकातल्यासारखं." त्याने पुस्तक परत दिलं. गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी एकाएकी मानेला काचायला लागली होती.

कारण हसणं पुस्तकातलं नव्हतंच. ते त्याचं होतं. सोळा वर्षांपूर्वी, नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, एका रटाळ दुपारी त्याने ते रचलं होतं. तेव्हा या दालनात सांगायला फार थोडं होतं. सरदारीणबाई म्हणजे सेनापतीची विधवा, राणी बाळंतपणात गेल्यावर राजाने तान्ह्या युवराजाला हिच्या ओटीत घातलं, सहा वर्षांनी युवराज गेला, राजाच्या धाकट्या भावाने दुधात विष होतं म्हणून बोट दाखवलं, आणि सरदारीणबाईला राज्याबाहेर घालवून दिलं. झालं. ही माहिती तो रेल्वेच्या वेळापत्रकासारखी सांगायचा आणि लोक ती तशीच ऐकायचे. त्या दुपारी कुठल्याशा कचेरीतली तीसेक माणसं होती. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी बुटातून टाच काढून उभं होतं, दोघी जणी स्वेटरच्या टाक्यांविषयी बोलत होत्या. त्याला त्यांचा राग आला. आपण बोलतोय आणि आपलं बोलणं भिंतीवर पाणी मारल्यासारखं ओघळून जातंय, या जाणिवेने त्याचे कान तापले. आणि तोंड उघडलं, आणि ते बाहेर पडलं. एक बाई "अगं आई गं" म्हणाली. स्वेटरवाल्या गप्प झाल्या. टाच बुटात गेली. आयुष्यात पहिल्यांदा तीस माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. ती गोडी जिभेला लागली, ती लागलीच. ते वाक्य कुठून आलं, हे आपल्याला ठाऊक नाही, असं तो पुढे स्वतःला सांगत आला. सुचलं, एवढंच.

मग ते त्याच्या हातात राहिलं नाही. इतर गाइडांनी उचललं. ते त्याला त्याच्या आवाजावरून 'भोंगा' म्हणत आणि त्याच्या ताना बिनदिक्कत उचलत. संग्रहालयाची माहितीपुस्तिका निघाली, तिच्यात ते आलं. कुणी त्या हसण्यावर नाटक केलं. सरदारीणबाईचं नाव हळूहळू 'हसरी बाई' पडलं. शहरात मुली मोठ्याने हसल्या तर घरची माणसं म्हणू लागली, "हसऱ्या बाईसारखं काय दात काढतेस?" तरुण पोरंपोरी त्या खिडकीत मान मागे टाकून, तोंड उघडून फोटो काढून घेत, खिडकीच्या चौकटीचा रंग त्यांच्या खांद्यांनी घासून गेला होता. हे सगळं बघताना त्याला आतून गुदगुल्या व्हायच्या. बायकोला तो म्हणायचा, "माझं आहे हे, माहितेय?" बायको म्हणायची, "हो, माहितेय, आता जेवा." मग आज चाळीस पोरांनी तेच वाक्य म्हटलं तर हे असं खचल्यासारखं का व्हावं? वाक्य मोठं झालं होतं, घर सोडून गेलं होतं, आणि परत येऊन त्यालाच ओळखेनासं झालं होतं. असंच काहीतरी. तो अजून पायऱ्यांवरच होता. मुलांची बस वळली तेव्हा मागच्या काचेतून एका मुलीने त्याला तोंड वासून दात दाखवले.

दुसऱ्या दिवशी तो कागदवाल्या बाईंकडे गेला. राजवाड्याच्या तळघरात जुनी दप्तरं होती आणि त्यांच्यात तीस वर्षं बसलेल्या या बाई. खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणी उच्चारत असेल तर असेल. हातात पांढरे सुती मोजे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि समोर कायम वाळवीने नक्षी काढलेलं एखादं पान. "बाई, त्या हसण्याला काही आधार आहे का हो कागदात?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. बाईंनी मान वर केली. "बसा," त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी त्याला 'बसा' म्हटलं नव्हतं. "दोन वर्षं मी तेच शोधतेय. पाठ्यपुस्तकवाले नाटकाकडे बोट दाखवतात. नाटकवाले आपल्या पुस्तिकेकडे. आणि पुस्तिकेत खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'परंपरेने चालत आलेली कथा'. आता ही परंपरा कुठे राहते, तिचा पत्ता काय, मला कुणी सांगेना."

बाईंनी एक जाडजूड वही पुढे ओढली. मुख्य दरवाज्याच्या पहारेकऱ्यांची ती नोंदवही. कोण आत गेलं, कोण बाहेर गेलं. मोज्यातलं बोट एका ओळीवर टेकलं. "हे बघा. युवराज जायच्या एकोणीस दिवस आधी. सरदारीणबाई, एक गाडी, एक मोलकरीण, बाहेर. राजाच्या भावाच्या हुकुमाने. पोराला ताप यायच्याही आधी बाई इथे नव्हती." मग त्यांनी पानं उलटली. "आणि हे, युवराज गेल्यावर चार दिवसांनी." अक्षर वेगळं होतं, अडाणी, ओळीवरून घसरलेलं. बाईंनी वाचून दाखवलं, "सरदारीणबाई आल्या. पायी. आत घ्यायचा हुकूम नाही. संध्याकाळपर्यंत दारातच. पाणी विचारलं, नको म्हणाल्या." बाईंनी चष्मा काढला. "खिडकीत नव्हती हो ती. त्या खिडकीत ती पुन्हा कधी आलीच नाही. खाली दारात उभी होती, आणि हा पहारेकरी, कोण होता देव जाणे, त्याच्याने राहवलं नाही म्हणून त्याने ती पाण्याची ओळ घातली. नोंदवहीत असलं काही लिहायचं नसतं."

तळघरात ओल आणि डिंकाचा वास होता. कुठेतरी नळ ठिबकत होता. बाई सांगत होत्या की त्यांनी टिपण लिहिलंय, मजकूर समितीपुढे ठेवलंय. पण समिती म्हणते, पहारेकरी चुकू शकतो, एवढ्या लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट चुकणार नाही. "ती गोष्ट कुणी, कधी सुरू केली एवढं जर दाखवता आलं..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांचं थांबणं त्याच्यासारखं नव्हतं. त्या खरोखरच पुढचं वाक्य नसल्यामुळे थांबल्या होत्या. "महिनाअखेर मी निवृत्त होतेय. मग ही वही पुन्हा कपाटात जाईल." त्याच्या तोंडात शब्द येऊन दातांमागे उभे राहिले. "बघतो," तो म्हणाला. काय बघतो, हे बाईंनी विचारलं नाही.

घरी जाताना तो बसने गेला नाही, चालत गेला. चालताना त्याला दारात उभी राहिलेली बाई दिसायला हवी होती. दिसत होता तो एक जिना. तीन मजल्यांचा, अरुंद, लिफ्ट नसलेला, प्रत्येक वळणावर खिडकीएवढा उजेड. त्या जिन्यावरून दादाला, त्याच्या थोरल्या भावाला, खाली आणलं होतं. त्या रटाळ दुपारच्या आठच महिने आधी. स्ट्रेचर वळणावर अडकलं, पुढून दोघे, मागून तो आणि शेजारचा एक जण, "जरा तिरपं, जरा तिरपं" असं सगळे कुजबुजत होते, कपाट उतरवताना कुजबुजावं तसं. आई वरच्या पायरीवर बसलेली. वहिनी दारात, विटक्या हिरव्या स्वेटरमध्ये, हात लोंबते. आणि तेवढ्यात तो आवाज आला. आधी नाकातून, मग तोंडातून, तुटका. सगळ्यांनी ऐकला. स्ट्रेचर धरलेल्यांसकट सगळ्यांनी माना वर केल्या. वहिनीने तोंडावर हात दाबला होता, पण आवाज आधीच बाहेर पडला होता. आई मोठ्याने नाही बोलली. जमिनीकडे बघत एवढंच म्हणाली, "माझा मुलगा चाललाय. आणि ही हसली."

तो रस्त्यात थांबला. मागून येणारा माणूस त्याच्यावर आदळला आणि "काय राव" म्हणून पुढे गेला. म्हणजे 'आणि'सुद्धा त्याचा नव्हता. आईचा होता. हे त्याला आज कळलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ते त्याला सोळा वर्षं ठाऊक होतं, खिशात पडून राहिलेल्या किल्लीसारखं. हात लागायचा आणि तो हात काढून घ्यायचा. दादा गेल्यावर घरात आधी कुजबुज आणि मग उघड बोलणं सुरू झालं. दोन दिवस छातीत दुखत होतं म्हणे. बायको असून हिला कळलं नाही? कळलं तर दवाखान्यात का नेलं नाही? आणि वर हसली! नातेवाईक जमले की कुणीतरी त्याच्याकडे वळायचं, "तू सांग रे, तू नीट सांगतोस." आणि तो सांगायचा. जिना, वळण, हिरवा स्वेटर. कुठे थांबायचं ते त्याला तिथेच सापडलं, राजवाड्यात नाही. वर्षाच्या आत वहिनी दोन पिशव्या घेऊन घरातून गेली. तिला कुणी जा म्हटलं नाही. राहा असंही कुणी म्हटलं नाही.

"कशाला जुनं उकरताय?" बायको म्हणाली, जेव्हा सुटीच्या दिवशी सकाळीच तो बूट घालायला लागला. "सोळा वर्षांत जाऊबाईंकडे एकदा तरी गेलात का? आई गेल्या तेव्हा त्या आल्या होत्या, तर नुसतं दुरून बघितलंत." त्याने नाड्या बांधल्या. पत्ता त्याच्याकडे होता. एका धुलाई केंद्राच्या वर खोली होती. पाटीवर 'कपडे लहान-मोठे करून मिळतील' एवढंच. जिना चढताना खालून गरम वाफेचा आणि साबणाचा वास येत होता. वहिनी मशीनवर वाकली होती, ओठांत चार टाचण्या धरून, समोर कुणाचीतरी पँट. केस पांढरे झाले होते. तिने वर बघितलं, ओळखलं, आणि टाचण्या एकेक करून, घाई न करता, उशीत खोचल्या. "या भाऊजी," ती म्हणाली. "त्या खुर्चीवरचे कपडे पलंगावर टाका नि बसा. चहा ठेवते."

तो बसला. खडूचे निळे तुकडे, मोजपट्टी, दोऱ्यांची रिळं रंगांप्रमाणे लावलेली. तिच्या सगळ्या हालचालींत एक गोष्ट त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. बोलताना ती उजवा हात तोंडाजवळ नेत होती, बोटांची पाठ ओठांना लावून, जांभई झाकावी तशी. पूर्वी ती असं करत नसे. पूर्वी ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तिच्या हसण्याने शेजारचं कुत्रं भुंकायचं, असं दादाच म्हणायचा. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग तो म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी जिन्यात..." लोकांसमोर अर्धा अर्धा तास बोलणारा माणूस कपातली चहाची साय बाजूला करत बसला.

"अंगठा," वहिनी म्हणाली.

"काय?"

"पायाचा अंगठा बाहेर आला होता त्यांचा, चादरीतून. तुम्हाला माहितेय ना, पांघरूण कसे लाथाडायचे ते. वीस वर्षं मी झाकायची नि ते काढायचे. त्या दिवशीही मी वर झाकला नीट, खोचून. आणि वळणावर तुम्ही तिरपं करायला गेलात तर परत बाहेर." तिने बोटं ओठांवर ठेवली. "मला वाटलं, आता म्हणतील, अगं राहू दे, उकडतंय. आणि तो आवाज आला. हसू होतं की काय होतं, मला नाही सांगता यायचं. आला खरा."

मशीनचं चाक तिने उगाच थोडं फिरवलं. सुई वर आली, खाली गेली. त्याला वाटलं, आता आपण बोलायला हवं. वाटलं, आता काहीही बोललं तरी ते ऐकायला चांगलं वाटेल, आणि त्याचीच भीती वाटली. "तुम्ही घरात हे सांगायचं होतंत वहिनी," तो शेवटी म्हणाला. "आईला. सगळे म्हणत होते, दोन दिवस दुखत होतं नि हिने..."

"मला कुठे माहीत होतं?" ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मला वेळेवर सांगितलं असतं तर ओढत नेलं असतं मी. मला त्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळी सांगितलं, तेही हसत हसत. म्हणाले, धाकट्याला बोललो परवा, चहा पिताना, छातीत जड वाटतंय म्हणून. तो म्हणाला, काही नाही रे, पित्त असेल, जास्त तिखट खात जाऊ नकोस. म्हणून मग मीही आलं-लिंबू दिलं."

खाली कुठलंतरी यंत्र घरघरायला लागलं आणि खोलीची जमीन बारीक थरथरली. तो कपाकडे बघत राहिला. तो चहा. स्टँडजवळची टपरी, उभ्याने, घाईत. दादाचा हात शर्टाच्या दुसऱ्या गुंडीवर, गोल गोल फिरणारा. आपली बस येत होती. आपण बसकडे बघत बोललो होतो. इतकी वर्षं तो हात त्याने कधी नीट बघितला नव्हता. बसचा नंबर आठवायचा, टपरीवाल्याचं फडकं आठवायचं, हात आठवायचा नाही. आणि घरात जेव्हा पहिल्यांदा कुणी म्हणालं, 'हिला कळलं कसं नाही,' तेव्हा त्याच्या छातीवरून एक धोंडा उतरला होता. हिरवा स्वेटर, वळण, आवाज. एवढं नीट सांगितलं की पुढे कुणी टपरीपर्यंत जाणार नव्हतं. कुणी गेलंही नाही.

"तुम्ही हे बोलला का नाहीत?" त्याने विचारलं. स्वतःचाच आवाज त्याला कोरडा, परका वाटला.

"कुणाला? आईंना? त्यांचा एक मुलगा गेला होता, भाऊजी. दुसराही काढून घेऊ?" मग ती उठली, त्याच्या हातातला रिकामा कप घेतला. "मी येऊन गेले तुमच्या राजवाड्यात एकदा. तिकीट काढून. मागेच उभी होते, तुम्ही नाही बघितलंत. चांगलं सांगता तुम्ही." एवढंच. त्यात टोमणा असता तर त्याला काहीतरी धरता आलं असतं.

"वहिनी, मला माफ..." तो म्हणायला गेला.

"अहो माफी कसली मागताय? आई गेल्या. मामा गेले. ज्यांना ज्यांना तुम्ही सांगितलंत ते बहुतेक गेले. आता कुणाकुणाला जाऊन सांगणार आहात?" ती पुन्हा मशीनवर बसली. "ही पँट चार वाजता द्यायचीय मला," ती म्हणाली, आणि टाचण्या ओठांत धरल्या, म्हणजे बोलणं संपलं.

त्या आठवड्यात त्याने लिहून दिलं. तीन कागद झाले. हसणं मी रचलं, अमुक साली, अमुक दालनात, त्याआधी ते कुठेही नव्हतं. ते एका वेगळ्या बाईचं, वेगळ्या जिन्यातलं होतं आणि तेही हसणं नव्हतं. हे शेवटचं त्याने तीनदा खोडून तीनदा लिहिलं. कागदवाल्या बाईंनी मोजे काढून ते कागद वाचले. वाचून झाल्यावर त्याच्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "हे फार उपयोगी पडेल," आणि मग, "तुमची नोकरी?" तो म्हणाला, "बघू." त्याला हलकं वाटत होतं. आता काहीतरी होईल, निदान त्या एका बाईच्या बाबतीत तरी होईल, दुसरीच्या बाबतीत नाही झालं तरी. असं काहीसं त्याच्या मनात चाललं होतं, आणि आपण एक बाई देऊन दुसरी सोडवून घेऊ बघतोय, हेही त्याला कळत होतं.

समितीपुढे साहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. साहेब म्हणजे संग्रहालयाचे संचालक. मऊ बोलणारे, हातात कायम पेन्सिल फिरवणारे. "तुम्ही म्हणता, हे तुम्ही रचलं," ते म्हणाले. "उत्तम. पुरावा काय?"

"मीच सांगतोय ना साहेब."

"तुम्ही सांगताय. पण हे बघा." त्यांनी तीन पत्रं पुढे सारली. शहरातल्या तीन वृद्धांची. एकाने लिहिलं होतं, हसऱ्या बाईची गोष्ट मला माझ्या आजीने सांगितली. दुसरा म्हणत होता, आमच्या घराण्यातला पूर्वज त्या दिवशी चौकात हजर होता, त्याने स्वतः हसू ऐकलं. तिसऱ्या बाईंनी त्या हसण्यावर लहानपणी पाठ केलेली चार ओळींची कविताही दिली होती. "ही माणसं ऐंशीच्या पुढची आहेत. खोटं बोलतात म्हणायचं का? तुम्ही हे लहानपणी कुठेतरी ऐकलं असणार आणि विसरला असणार. होतं असं. माणूस स्वतःला फार मोठा समजायला लागतो."

"साहेब, ते नव्हतंच. त्याआधी नव्हतं. दरवाज्याच्या वहीत..."

"वहीचं टिपण फाइलला लावलंय." पेन्सिल थांबली. "आणि तुमच्या घरगुती गोष्टी असल्या कागदावर आणू नयेत. वाईट दिसतं. तुमच्याच भल्यासाठी सांगतो." समितीतल्या बाकीच्यांनी मान हलवली, दयेने. त्याला ओरडावंसं वाटलं. खोटं सांगताना या आवाजाला एकानेही कधी पुरावा मागितला नव्हता. पण ओरडला असता तरी ते ऐकणाऱ्यांना आवडलं असतं, असं त्याच्या मनात आलं आणि तो उठला.

महिनाअखेर कागदवाल्या बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना पुष्पगुच्छ आणि हसऱ्या बाईच्या खिडकीचं लहानसं लाकडी मॉडेल भेट दिलं. बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, आणि इतक्या लोकांत त्याच्याकडेच बघितलं.

त्यानंतर त्याने स्वतःपुरतं करून बघितलं. सातव्या दालनात तो हात वर न करता सांगू लागला की बाई इथे नव्हती, एकोणीस दिवस आधीच तिला बाहेर पाठवलं होतं, ती चालत परत आली, दारात उभी राहिली, पाणी नको म्हणाली. सांगताना त्याचा आवाज अडखळायचा. खऱ्याला ताल कुठे द्यायचा ते त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं. लोक ऐकायचे, एकमेकांकडे बघायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "आणि हसली कधी?" "नाही हसली." "बरं, पण ती हसली ते कुठल्या खिडकीत? फोटो काढायचाय." एक गृहस्थ तर आपल्या बायकोला बाजूला नेऊन, हात वर करून, थांबून, सगळं नीट सांगत होते, त्याच्यासारखंच, अगदी त्याच्याच सुरात. तक्रारवहीत तीन तक्रारी आल्या. गाइडने महत्त्वाचा भाग गाळला. गाइडची तयारी नव्हती. गाइड रडवेला वाटला.

साहेबांनी त्याला काढलं नाही. त्यांनी सुधारणा केली. नऊ वर्षांपूर्वी, त्याचा आवाज ऐन भरात होता तेव्हा, एका बंद खोलीत काचेमागे बसवून त्याच्याकडून सगळी दालनं बोलून घेतली होती. ते तेव्हा तसंच पडून राहिलं होतं. आता दीडशे हेडफोन आले. पाहुण्यांनी कानाला लावायचे, दालनाचा आकडा दाबायचा. जिवंत गाइडांची गरज उरली नाही. बाकीचे इकडेतिकडे पांगले. त्याला हेडफोन वाटायच्या टेबलावर बसवलं. "तुमचाच आवाज, तुमच्याच हातून," साहेब म्हणाले. यात काही वावगं आहे असं त्यांना खरंच वाटत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "साहेब, सातव्यातलं एक वाक्य कापता येईल का? तीनच शब्द आहेत." साहेब हसले. "अहो, त्या तीन शब्दांसाठी तर लोक येतात."

सुरुवातीला तो प्रत्येकाला हेडफोन देताना हळूच सांगायचा, "सातव्या दालनातलं शेवटचं खरं नाही." लोक कानाला आधीच लावून मोकळे झालेले असायचे, ओठ हलताना बघून मान डोलवायचे, "थँक यू" म्हणायचे. मग त्याने सांगणं सोडलं. तो कानावरचे गोळे स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, वायरी गुंडाळायचा. वहिनीकडे तो आणखी दोनदा गेला. एकदा तिने चहा दिला, एकदा खोलीला कुलूप होतं. चहाच्या वेळी दोघं दोऱ्यांच्या भावाबद्दल बोलली. परत येताना त्याला वाटलं, तिच्या तोंडावरचा हात आज जरा खाली होता. मग वाटलं, आपल्यालाच तसं वाटायला हवंय.

एका दुपारी गर्दी नव्हती. बाहेर ऊन होतं आणि टेबलावर दोनच हेडफोन परत आलेले होते. त्यातला एक अजून चालूच होता. गोळ्यांतून बारीक, मुंगीएवढा आवाज येत होता. आपला आवाज त्याने बाहेरून कधी ऐकला नव्हता. त्याने तो कानाला लावला आणि उठला. पहिलं दालन, दुसरं, तिसरं. मागे टेबल रिकामं होतं, पण कुणी आलं नाही. कानात एक तरुण माणूस बोलत होता. त्या माणसाला कसलीच शंका नव्हती. तो हात धरून नेत होता, इथे बघा, आता इकडे वळा, आणि पाय त्याच्या मागे मागे जात होते. सातव्या दालनात उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडला होता. त्याने आकडा दाबला. हे खोटं आहे, त्याने आधीच स्वतःला बजावलं. दारात उभी होती, पाणी नको म्हणाली. त्याने पहारेकऱ्याचं अडाणी अक्षर डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. ते आलं नाही. मग त्याने वहिनीचा तो आवाज आठवून बघितला, नाकातून आधी, मग तोंडातून, तुटका, अंगठा, चादर. तेही हाती लागेना. कानातला माणूस फार छान सांगत होता. चौकात माणसं जमली, पोराचा देह लहान होता, एवढासा, दरवाजा त्याच्यासाठी फारच मोठा वाटत होता. त्याने मान वर केली. खिडकीत एक बाई उभी होती. ती खाली उतरली नव्हती, एवढं सगळं होऊनही उतरली नव्हती, आणि कानातलं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला तिचे दात दिसले, आणि त्याला त्या बाईचा मनापासून राग आला.